धर्म शिकवायला पदवी कशाला? लंडनमधले ज्यू शिक्षक नोकरी सांभाळून पुन्हा विद्यार्थी का होतात?

उत्तर लंडनमधल्या हेंडन, गोल्डर्स ग्रीन, एजवेअर या भागांत ज्यू शाळा बऱ्याच आहेत. इथल्या मुलांना गणित, इंग्रजी, विज्ञान तर असतंच, पण त्यासोबत तोरा, प्रार्थना, हिब्रू भाषा आणि ज्यू इतिहासही असतो. हे विषय शिकवणाऱ्या शिक्षकांपैकी काही जण स्वतःच विद्यार्थी असतात. दिवसा वर्ग घ्यायचा, संध्याकाळी किंवा आठवड्यातला एखादा दिवस कॉलेजला जायचं, रात्री असाइनमेंट लिहायची. आणि हे एक-दोन नाही, चार ते सहा वर्षं.

ही पदवी असते ज्यू शिक्षणशास्त्राची. आता कुणालाही प्रश्न पडेल की जी व्यक्ती लहानपणापासून धर्मग्रंथ वाचत आली, जिला प्रार्थना तोंडपाठ आहेत, जी आधीच वर्गात उभी राहून शिकवतेय, तिला पदवीची गरज काय?

या प्रश्नाच्या उत्तरात धर्म आहे, सरकारी नियम आहेत, पगार आहे आणि शिकवणं म्हणजे नेमकं काय हा जुना वादही आहे. एकेक करून पाहू.

आधी काय होतं?

मुलांना शिकवणं हे ज्यू परंपरेत फार जुनं सार्वजनिक काम आहे. तालमुद या ग्रंथात येहोशुआ बेन गामला या मुख्य धर्मगुरूचा उल्लेख येतो. गावोगावी शिक्षक नेमायचे आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना त्यांच्याकडे पाठवायचं, ही व्यवस्था त्यांनी लावली असं तिथे सांगितलं आहे. त्याच ठिकाणी वर्गात किती मुलं असावीत याचाही हिशेब आहे. २५ मुलांमागे एक शिक्षक. ४० मुलं झाली तर त्याच्या हाताखाली एक मदतनीस. ५० झाली तर दोन शिक्षक.

पटसंख्येचा वाद आजचा वाटतो, पण तो दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आहे. तिथेच आणखी एक चर्चा आहे: भराभर शिकवणारा शिक्षक चांगला, की कमी शिकवून बिनचूक शिकवणारा?

पुढे युरोपात 'हेदर' नावाच्या छोट्या शाळा चालायच्या. बऱ्याचदा शिक्षकाच्या घरातली एक खोली म्हणजेच शाळा. शिकवणाऱ्याला 'मेलामेद' म्हणत. ज्ञानाला समाजात मोठा मान, पण लहान मुलांना शिकवणाऱ्या मेलामेदला पैसा कमी आणि प्रतिष्ठाही बेताची. त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे का, हे कुणी विचारत नव्हतं. ग्रंथ येतो ना, मग शिकवता येणारच, असा हिशेब होता.

मग बदललं काय?

दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे ज्यू शाळा सरकारी व्यवस्थेत आल्या. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्याने धार्मिक संस्थांच्या शाळांना सरकारी पैशावर चालण्याची वाट नीट आखून दिली. शाळेची धार्मिक ओळख कायम, पण शिक्षकांचे पगार आणि रोजचा खर्च प्रामुख्याने सरकारचा. त्याबदल्यात सरकारी अभ्यासक्रम, तपासणी आणि शिक्षकांच्या पात्रतेचे नियम आले.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलांची संख्या वाढली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटनमधल्या ज्यू शाळांत १७ हजारांपेक्षा कमी मुलं होती. पुढच्या वीस वर्षांत हा आकडा ३० हजारांच्या वर गेला. कट्टर सनातनी म्हणजे हरेदी कुटुंबांमध्ये मुलं जास्त असणं हे त्याचं एक मोठं कारण. पण बाकीच्या कुटुंबांचाही कल बदलला.

त्याला एक पार्श्वभूमी होती. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ज्यू म्हणवणारे सुमारे २ लाख ७१ हजार लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या अर्धा टक्का. एवढ्या छोट्या समाजात पुढची पिढी परंपरेपासून तुटेल ही भीती कायम असते. जोनाथन सॅक्स १९९१ मध्ये ब्रिटनचे मुख्य रब्बी झाले. त्यांनी १९९४ मध्ये एक पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच प्रश्न होता: आपली नातवंडं ज्यू असतील का? त्यांचं उत्तर होतं शिक्षण. शाळा वाढवायच्या यावर बऱ्याच जणांचं एकमत झालं.

शाळा बांधायला पैसा लागतो, तो उभा राहिला. पण शाळा चालवायला शिक्षक लागतात आणि ते एका रात्रीत तयार होत नाहीत.

पदवी नसली तर अडतं कुठे?

ज्यू शाळांच्या वेळापत्रकात साधारण दोन भाग असतात. तोरा, तालमुद, प्रार्थना, सण हे 'कोदेश' म्हणजे पवित्र विषय. गणित, इंग्रजी, भूगोल हे 'होल' म्हणजे लौकिक विषय.

लौकिक विषयांचे शिक्षक नेहमीच्या वाटेने येतात: आधी पदवी, मग शिक्षक प्रशिक्षण, मग नोकरी. पवित्र विषयांची वाट वेगळी असते. समजा, उत्तर लंडनमधली एक मुलगी अठराव्या वर्षी बारावीच्या तोडीची परीक्षा देते आणि त्यानंतर वर्षभर जेरुसलेमच्या सेमिनरीत धर्मग्रंथ शिकायला जाते. परत आल्यावर ओळखीतल्या शाळेत तिला मदतनीस म्हणून काम मिळतं. दोन वर्षांत ती स्वतंत्रपणे वर्ग घेऊ लागते. मग लग्न, मुलं. दहा वर्षांनी ती शाळेतली अनुभवी शिक्षिका असते, पण कागदावर तिचं शिक्षण बारावीच.

इंग्लंडमध्ये 'पात्र शिक्षक दर्जा' नावाची एक गोष्ट आहे. तिला सगळे 'क्यूटीएस' म्हणतात. तो मिळवायला आधी पदवी लागते. हा दर्जा नसलेल्या शिक्षकांची पगारश्रेणी वेगळी आणि खालची असते. विभागप्रमुख, उपमुख्याध्यापक अशा जागांसाठी अर्ज करतानाही तो नसला की अडतं.

गंमत म्हणजे, ज्यांनी बरीच वर्षं शिकवलं आहे त्यांच्यासाठी जवळची वाटही आहे. नव्याने प्रशिक्षण न घेता, फक्त वर्गातलं काम तपासून जास्तीत जास्त बारा आठवड्यांत हा दर्जा देता येतो. पण त्यासाठीही पदवी हवीच. म्हणजे कुलूप एकच आहे आणि त्याची किल्ली पदवी आहे.

ही पदवी मिळते कुठे?

लंडनमधलं जुनं आणि महत्त्वाचं नाव म्हणजे 'लंडन स्कूल ऑफ ज्युईश स्टडीज'. ही संस्था १८५५ मध्ये 'ज्यूज कॉलेज' या नावाने सुरू झाली. तेव्हाचे मुख्य रब्बी नॅथन मार्कस अ‍ॅडलर यांचा त्यात पुढाकार होता. इंग्रजी बोलणाऱ्या समाजासाठी धर्मोपदेशक आणि शिक्षक तयार करायचे, हा हेतू. पुढे जोनाथन सॅक्सही इथे प्राचार्य होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संस्थेचं नाव बदललं आणि भर सर्वसामान्य प्रौढांचं शिक्षण आणि शिक्षक घडवणं याकडे वळला. आज ती हेंडनमध्ये आहे.

अशा छोट्या संस्था स्वतः विद्यापीठ नसतात. अभ्यासक्रम त्या आखतात आणि शिकवतात, पण पदवीवर शिक्का एखाद्या मोठ्या विद्यापीठाचा असतो. त्यामुळे ती पदवी ज्यू शाळेबाहेरही चालते. कुणाला उद्या दुसऱ्या क्षेत्रात जायचं झालं तर तिचा उपयोग होतो.

अमेरिकेत ही परंपरा आणखी पसरलेली आहे. फिलाडेल्फियामधलं ग्रॅट्झ कॉलेज १८९५ मध्ये सुरू झालं, ते ज्यू शाळांसाठी शिक्षक तयार करण्याच्या कामातूनच वाढलं. न्यूयॉर्कच्या ज्युईश थिऑलॉजिकल सेमिनरीने १९०९ मध्ये शिक्षकांसाठी वेगळी संस्था काढली, तिची सूत्रं मॉर्डेकाय कॅप्लान यांच्याकडे होती. ग्रॅट्झमध्ये आज ज्यू शिक्षणशास्त्रात ऑनलाइन एमए आणि डॉक्टरेटही करता येते. त्यामुळे छोट्या गावातल्या शिक्षकाला घर सोडावं लागत नाही.

शिकवतात काय?

अभ्यासक्रमाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. एकीकडे तनाख म्हणजे हिब्रू बायबल, त्यावरची भाष्यं, मिश्ना, तालमुद, हिब्रू, ज्यू इतिहास आणि तत्त्वज्ञान. दुसरीकडे शिक्षणशास्त्र: मुलं कशी शिकतात, वर्ग कसा सांभाळायचा, मूल्यमापन कसं करायचं, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी काय करायचं. होलोकॉस्ट कोणत्या वयात आणि कसा शिकवायचा, हाही यातला एक नाजूक विषय.

खरी कसोटी लागते ती हे दोन भाग जोडताना. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये यासाठी एक कल्पना मांडली. त्यांचं म्हणणं असं की विषय येणं हे एक ज्ञान, शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धती माहीत असणं हे दुसरं ज्ञान आणि 'हाच विषय याच मुलांना कसा समजेल' हे ओळखणं हे तिसरं, स्वतंत्र ज्ञान. गणिताचा प्राध्यापक तिसरीला भागाकार चांगला शिकवेलच असं नाही, त्याचं कारण हे तिसरं ज्ञान. शुलमन स्वतः शिकागोमध्ये ज्यू धर्मशाळेत शिकलेले होते.

एक उदाहरण घेऊ. अब्राहामच्या वडिलांचं मूर्तींचं दुकान होतं, लहानग्या अब्राहामने त्या मूर्ती फोडल्या आणि हातोडा सगळ्यात मोठ्या मूर्तीच्या हातात ठेवून दिला, ही गोष्ट ज्यू घरातल्या जवळपास प्रत्येक मुलाला माहीत असते. पण ती मूळ तोरामध्ये नाहीच. ती नंतरच्या 'मिद्राश' नावाच्या कथासाहित्यात आहे. आपल्याकडे लक्ष्मणरेषा सगळ्यांना माहीत असते, पण वाल्मीकी रामायणात ती सापडत नाही, तसाच हा प्रकार.

आता वर्गात प्रश्न असा येतो की आठ वर्षांच्या मुलाला हा फरक सांगायचा का? नाही सांगितला तर पंधराव्या वर्षी त्याला तो स्वतःच कळतो आणि 'आपल्याला खोटं शिकवलं' असं वाटू शकतं. फार लवकर सांगितला तर गोष्टीतली गंमत जाते. मूळ ओळ कोणती, राशींचं भाष्य कोणतं (हे राशी पंचांगातले नव्हेत, ११ व्या शतकातले फ्रान्समधले मोठे भाष्यकार), नंतरची कथा कोणती, हे मुलांना वेगवेगळ्या रंगांनी दाखवायचं का? अशा प्रश्नांवर या पदवीत निबंध लिहावे लागतात आणि स्वतःच्या वर्गात प्रयोग करून पाहावे लागतात.

अर्धवेळ शिकण्याचा मोठा फायदा इथेच आहे. मंगळवारी कॉलेजात चर्चा झालेली पद्धत बुधवारी स्वतःच्या वर्गात वापरता येते. जमली नाही तर पुढच्या मंगळवारी 'नाही जमलं' असं सांगून कारणही शोधता येतं. पूर्णवेळ विद्यार्थ्याला ही सोय नसते.

परंपरेतल्या काही पद्धतीही या निमित्ताने नव्याने तपासल्या जातात. 'हेवरुता' म्हणजे दोघांनी मिळून एकच उतारा मोठ्याने वाचायचा, एकमेकांना प्रश्न विचारायचे, वाद घालायचा. धर्मशाळांमध्ये हे पूर्वापार चालत आलेलं आहे. दहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात ते चालवायचं तर जोड्या कशा लावायच्या, वाचायला अडखळणाऱ्या मुलाचं काय करायचं, हे मात्र शिकावं लागतं.

वेळेचं गणित कसं बसतं?

ब्रिटनमध्ये ऑनर्स पदवी ३६० क्रेडिटची असते. पूर्णवेळ विद्यार्थी वर्षाला १२० क्रेडिट करून तीन वर्षांत मोकळा होतो. वर्षाला ९० केली तर चार वर्षं लागतात, ६० केली तर सहा.

एका क्रेडिटमागे साधारण दहा तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे ६० क्रेडिटला ६०० तास. वर्षातले ४० आठवडे अभ्यासाला मिळाले तर आठवड्याला १५ तास. नोकरी, घर आणि मुलं यांच्या वर हे पंधरा तास.

आधी सेमिनरीत केलेल्या अभ्यासाचे काही क्रेडिट मिळू शकतात. 'पूर्वीच्या शिक्षणाला मान्यता' या तरतुदीखाली विद्यापीठं असा विचार करतात. पण ते आपोआप होत नाही. काय शिकलो, कोणत्या पातळीवर शिकलो, याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या सेमिनरीत परीक्षाच नव्हत्या तिथला पुरावा आणणं अवघड.

त्यात ज्यू कॅलेंडरची भर. नोकरी करणारे बाकीचे विद्यार्थी अभ्यासाचा ढीग शनिवारवर ढकलतात. धर्म पाळणाऱ्या ज्यू विद्यार्थ्याला ते जमत नाही, कारण शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ असतो. त्या वेळात लिहायचं नाही, लॅपटॉप उघडायचा नाही. डिसेंबरमध्ये लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे शुक्रवारची दुपारही स्वयंपाकात आणि तयारीत जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शैक्षणिक वर्ष सुरू होतं तेव्हाच रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोथ हे सण एकापाठोपाठ येतात. परीक्षांच्या हंगामात मे-जूनमध्ये शाबुओथ येतो. ज्यू संस्थेत वेळापत्रकच या हिशेबाने आखलेलं असतं. नेहमीच्या विद्यापीठाऐवजी अशी संस्था निवडण्यामागे हे साधं व्यावहारिक कारणही असतं.

पैसे कोण भरतं?

इंग्लंडमध्ये अर्धवेळ पदवीच्या विद्यार्थ्यांना २०१२ पासून फीसाठी सरकारी कर्ज मिळू लागलं. अट अशी की अभ्यासाचा वेग पूर्णवेळच्या किमान २५ टक्के हवा. आधीच एखादी पदवी असेल तर दुसऱ्या पदवीसाठी सहसा हे कर्ज मिळत नाही. ऑगस्ट २०२३ नंतर अभ्यास सुरू केलेल्यांना वर्षाला २५ हजार पौंडांच्या वर जेवढं उत्पन्न असेल त्याच्या ९ टक्के इतकी परतफेड करावी लागते.

कर्जाची सोय आली त्याच वर्षी विद्यापीठांच्या फीही मोठ्या प्रमाणात वाढल्या. त्यानंतर इंग्लंडमध्ये अर्धवेळ पदवी करणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. तिशी-चाळिशीतला माणूस, डोक्यावर घराचे हप्ते असताना, शिक्षणासाठी नवं कर्ज घ्यायला कचरतो.

कोदेश शिक्षकांसाठी आणखी एक अडचण आहे. अनुदानित ज्यू शाळांमध्ये ज्यू विषयांचा सगळा खर्च सरकार करत नाही. त्यासाठी पालकांकडून ऐच्छिक वर्गणी मागितली जाते. ऐच्छिक म्हणजे सक्ती करता येत नाही. महागाई वाढली की पहिली कात्री अशा वर्गणीला लागते. म्हणजे ज्या विषयासाठी ही शाळा निघाली, त्याच विषयाचा पैसा सगळ्यात बेभरवशाचा. शिक्षकाने सहा वर्षं खपून पदवी घेतली तरी वाढीव पगार द्यायला शाळेकडे पैसे हवेत.

आणि हा भार बहुतेक वेळा बाईच्या खांद्यावर असतो. इंग्लंडमधल्या शाळांत साधारण चारपैकी तीन शिक्षक महिला आहेत. मोठं कुटुंब, सणांचा स्वयंपाक, शाळेची नोकरी आणि त्यावर पदवी, असं ते गणित होतं.

विरोध कुणाचा?

सगळ्यांनाच हा मार्ग पटतो असं नाही. हरेदी समाजात विद्यापीठीय शिक्षणाकडे संशयाने पाहणारे बरेच आहेत. धर्मग्रंथ श्रद्धेने शिकायचा, विद्यापीठात तो चिरफाड करून तपासतात, हा त्यांचा आक्षेप.

हा संघर्ष ज्यूज कॉलेजने स्वतः अनुभवला आहे. लुई जेकब्स हे रब्बी आणि विद्वान तिथे शिकवत होते आणि तेच पुढचे प्राचार्य होतील अशी अपेक्षा होती. पण १९५७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी तोराच्या रचनेत माणसांचाही वाटा असल्याचं मत मांडलं होतं. मुख्य रब्बी इस्राएल ब्रॉडी यांनी त्यांच्या नेमणुकीला संमती दिली नाही आणि १९६१ च्या अखेरीस जेकब्स यांनी राजीनामा दिला. 'जेकब्स प्रकरण' ब्रिटिश वृत्तपत्रांत गाजलं आणि समाजात कायमची फूट पडली.

शिक्षणशास्त्राची पदवी या वादातून बरीचशी वाट काढते. ग्रंथ कुणी लिहिला, यापेक्षा तो मुलापर्यंत कसा पोहोचतो हा तिचा मुख्य प्रश्न. तरी वर्गातलं एखादं मूल तोच प्रश्न विचारतं आणि उत्तर शिक्षकाला द्यावंच लागतं.

महाराष्ट्राचा याच्याशी संबंध काय?

शिक्षक नसला की परंपरेचं काय होतं, हे कोकणातल्या बेने इस्रायल समाजाने जवळून पाहिलं आहे. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. शब्बाथ आणि काही चालीरीती त्यांनी टिकवल्या, पण हिब्रू वाचणारे उरले नव्हते. एकोणिसाव्या शतकात त्यांना शिकवायला कोचीनहून ज्यू शिक्षक आले. मुंबईतले मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, पण पुस्तकाचा उपयोग झाला.

पुढे समाजातूनच शिक्षक तयार झाले. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) हे मुंबईतल्या डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. त्यांनी प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी दोन्ही भाषांतली सचित्र हग्गादा छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायचं हे पुस्तक मुळात मुलांना शिकवण्यासाठीच असतं. त्यात चार स्वभावांच्या चार मुलांचा उल्लेख येतो आणि प्रत्येकाला त्याच्या कुवतीप्रमाणे वेगळं उत्तर द्यायला सांगितलेलं आहे. लंडनच्या वर्गात आज हाच भाग शिक्षणशास्त्राच्या तासाला चर्चेला घेता येईल.

थोडक्यात, मिळतं काय?

पदवी मिळाल्यावर शिक्षकाला पात्र दर्जाची वाट मोकळी होते, पगारश्रेणी बदलू शकते, वरच्या जागांसाठी अर्ज करता येतो. शाळेला तपासणीच्या वेळी दाखवायला प्रशिक्षित माणूस मिळतो. मुलांना 'हे असंच आहे, पाठ करा' याच्या पलीकडे जाणारं उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

पण ज्ञानाचा मान आणि शिक्षकाचा पगार यांतली दरी मेलामेदच्या काळापासून आहे आणि ती एका पदवीने बुजत नाही. सध्या तरी ती भरून काढायचा खर्च, वेळेचा आणि पैशाचा, मोठ्या प्रमाणात शिक्षक स्वतःच करतात. आठवड्याला पंधरा तास, सहा वर्षं.